छातीत दिवा असलेला गडी

मुरुमच्या हायस्कुलात मी विज्ञान शिकवायला लागलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. घर तुळजापूरचं, वडील कारकून, घरात सगळे लिहिण्या-वाचण्यावर जगलेले. हातानं काही करायची आमच्याकडं सवयच नव्हती. निजामाचं राज्य जाऊन पुष्कळ दिवस झाले होते, तरी गावातली वयस्कर माणसं शाळेला मदरसाच म्हणायची आणि हेडमास्तरांना सदरसाहेब.

त्याच सुमारास गावात एक अमेरिकन तरुण राहून गेला. शेतकऱ्यांना जोडीला कोंबड्या पाळायला शिकवायचं, हे त्याचं काम. लोक त्याला कोंबडीवाला साहेब म्हणत. संध्याकाळी तो माझ्याकडं मराठी शिकायला येई. वर्षभरानं निघाला तेव्हा त्यानं मला एक पुठ्ठ्याची पेटी दिली. त्याच्या धाकट्या भावानं ती त्याला वाढदिवसाला पाठवली होती आणि त्यानं उघडलीसुद्धा नव्हती. "मला वेळ झाला नाही. तुम्ही विज्ञानाचे. तुम्हाला जमेल," तो म्हणाला.

पेटीवर चित्र होतं. अंगाला घट्ट निळा पोशाख, पाठीवर लाल झूल, डोळ्यांवर मुखवटा आणि छातीवर थाळीएवढं पिवळं भिंग, असा एक धिप्पाड माणूस खडकावर उभा होता. आत मात्र माणूस नव्हता, त्याचे तुकडे होते. अर्धी छाती, अर्धी पाठ, मांड्या, मूठ, कान, पायाखालचा खडक, पिवळं पारदर्शक भिंग सोडलं तर सगळं राखाडी प्लॅस्टिकचं आणि प्लॅस्टिकच्याच काड्यांना लगडलेलं. सोबत इंग्रजीतला एक घडीचा कागद आणि डिंकाची नळी. नळी वाळून दगड झाली होती.

ती पेटी दोन महिने माझ्या ट्रंकेत पडून राहिली. मग हेडमास्तरांनी जाहीर केलं की पुढच्या महिन्यात शाळेत दोन दिवसांचं विज्ञान प्रदर्शन भरवायचं आणि दुसऱ्या दिवशी शिक्षण खात्याचे डेप्युटी साहेब बघायला येणार. "काही तरी नवं पाहिजे. दरवर्षी पाण्याचं कारंजं नको," ते माझ्याकडं बघून म्हणाले. मला पेटी आठवली. तो माणूस जुळवायचा आणि त्याच्या छातीतल्या भिंगामागं टॉर्चचा बल्ब लावायचा. विजेचं मंडळ, म्हणजे सर्किट, शिकवायला याहून चांगलं काय? मी हो म्हणून टाकलं.

आणि पहिल्याच रविवारी सगळं बिघडवून बसलो. सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावून दोन्ही पाय जोडले. ते वाळायच्या आत घसरले, एक मांडी पुढं आणि एक मागं झाली. काड्यांवरून तुकडे मोडून काढताना कानाचा टवका उडाला. वर कळलं की डाव्या हाताची मूठच पेटीत नाही. मी ओसरीवर बसून बोटांना चिकटलेलं रबर सोलत होतो. तोंड वर करून बघायची लाज वाटत होती.

मी ज्यांच्या घरात भाड्यानं राहायचो त्या घरच्या बायका त्या दिवशी बांगड्या भरत होत्या. बांगड्या भरायला येणारी कासारीण पन्नाशीची होती. तिला सगळं गाव मावशी म्हणायचं. नवरा वारल्यावर पाठीवर बांगड्यांची मोट घेऊन ती एकटी आसपासची गावं आणि बाजार करायची. बायकांचे हात हातात घेऊन घेऊन तिचे स्वतःचे हात मऊ आणि चपळ झालेले. घरच्यांच्या बांगड्या भरून ती उठली आणि माझ्याजवळ थांबली.

"काय करायलाव मास्तर?"

"हा माणूस जुळवायचाय मावशी. चिकटतच नाही."

"कशानं चिकटिवलाव?"

मी सोल्युशनची नळी दाखवली. तिनं ती हुंगली आणि खाली ठेवली.

"हे रबराला लावायचं. ह्यो काय रबर हाय व्हय?" तिनं एक तुकडा उचलला, नखानं ओरखडला, कानाजवळ नेऊन वाकवला. "आमच्या बांगड्यांचा भाऊबंद हाय ह्यो. एकच न्हाय, पर भाऊबंद."

काचेच्या बांगड्यांबरोबर तेव्हा प्लॅस्टिकच्या बांगड्याही नव्यानं येत होत्या. त्या तडकल्या तर सांधायला तिच्याजवळ एक शिशी असायची, सोलापूरच्या व्यापाऱ्याकडून आणलेली. तिनं मोटेतून शिशी काढली, काडीच्या टोकानं एक थेंब तुटक्या कानावर ठेवला, टवका वर टेकवला आणि दहा आकडे म्हणेपर्यंत धरून बसली. कान जुळला. मी शिशीचा वास घेतला. तो ॲसिटोन होता. शाळेच्या प्रयोगशाळेत त्याची अख्खी बाटली कपाटात होती. माझ्या चावीखालच्या कपाटात. प्लॅस्टिक विरघळवण्याचा त्याचा गुणधर्म मी मुलांना फळ्यावर लिहून दिला होता.

"मावशी, तुम्ही कराल का हे?" मी विचारलं.

तिनं पेटीवरचं चित्र बराच वेळ पाहिलं. "कोण हाय ह्यो?"

"तिकडच्या गोष्टीतला आहे. उडतो, डोंगर उचलतो, अडलेल्याला सोडवतो."

"मग शेपूट कुठं हाय?"

"याला शेपूट नसतं."

"बरं," ती म्हणाली, "बाजार सोडून बाकीच्या दिशी तुमची शाळा सुटली की येत जाईन. पर तुमी बसायचं समोर. मला सुई-दोरा द्यायला माणूस लागतंय."

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. मी मोठ्या हौसेनं इंग्रजी कागदाचं मराठी करून आणलं होतं. "पहिल्या क्रमांकाचा भाग दुसऱ्या क्रमांकाच्या भागाच्या खाचेत..." असं वाचायला लागलो तर तिनं हात वर केला.

"वाचू नका. चित्र दावा."

कागदावरच्या आकृत्यांवर तिनं बोट फिरवलं. बाण कुठून निघतो, कुठं जातो, कुठली बाजू वर. मला ज्या आकृतीत दोन दिवस डावा-उजवा कळला नव्हता ती तिनं एका नजरेत वाचली. तिला अक्षरओळख नव्हती, पण त्या कागदावरचं तिला कळलं नाही असं फार थोडं होतं.

तिनं आधी माझं काम उसकटलं. रबर अंगठ्यानं घासून घासून काढलं. मग बांगड्यांचे काठ घासायची बारीक कानस घेऊन प्रत्येक तुकड्याची काडी जिथं तुटली होती तिथला खडबडीतपणा घालवला. चिकटवायचं मात्र नाव काढीना. सगळा माणूस तिनं शिवणाच्या दोऱ्यानं बांधून उभा केला.

"आता लावू या की," मी म्हणालो.

"दम धरा. आधी कोरडं लावून बघायचं. बांगडी हातात चढली की मग उतरत न्हाय, फोडावी लागती."

दोऱ्यांनी बांधलेला तो माणूस दोन दिवस आमच्या कोनाड्यात उभा होता. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "ह्याच्या पोटात तुमचा दिवा बसिवणार. दिवा इझला तर? गड्याला फोडायचा व्हय?"

याचा मी विचारच केला नव्हता. बल्ब आज ना उद्या जाणारच. अंग एकदा सांधलं की आत हात घालायला वाट नव्हती. तिनं सुई चुलीत तापवली आणि पाठीच्या अर्ध्या भागात टोचत टोचत एक चौकोन कापला. काडेपेटीच्या निम्म्याएवढी खिडकी. "वर झूल येणार. दिसायचं न्हाय," ती म्हणाली. झूल तिनं चिकटवलीच नाही. खांद्यांवर दोन बारीक आकडे करून अडकवली, हवी तेव्हा काढता येईल अशी. पेटी बनवणाऱ्यांना जे सुचलं नव्हतं ते तिला आमच्या ओसरीवर सुचलं.

मुठीचं काम मी विसरणार नाही. तिनं तुटक्या प्लॅस्टिकच्या बांगड्या उकळत्या पाण्यात टाकल्या. मऊ झाल्यावर चिमट्यानं काढून त्यांचा गोळा वळला आणि आपली डावी मूठ उन्हात धरून तिच्याकडं बघत राहिली. बोटं कुठं दुमडतात, अंगठा कुठल्या बोटावर टेकतो. गोळा गार व्हायच्या आत बोथट सुईनं चार रेघा मारल्या. गार झाला तसा पुन्हा पाण्यात टाकला. असं सहा-सात वेळा झालं. बोटं भाजत होती, पण ती फुंकर मारून पुढचं करत होती. शेवटी जी मूठ झाली ती उजव्या कारखानी मुठीपेक्षा जिवंत होती. रंग दिल्यावर फरक दिसेनासा झाला. मला मात्र दिसायचा. डावी मूठ काही तरी घट्ट धरल्यासारखी होती.

माझं काम तारेचं. प्रयोगशाळेतल्या विजेच्या जुन्या घंटेच्या वेटोळ्यातली बारीक तार पोकळ पायातून वर नेली, छातीत टॉर्चचा बल्ब बसवला, खडकाखाली लाकडी पेटी करून तीत दोन सेल ठेवले. बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्याची एक पट्टी दाबली की दिवा लागायचा. सांधण्याआधी दोन्ही अर्धे दोऱ्यानं बांधून आम्ही माजघरातल्या अंधारात पट्टी दाबली.

मी आनंदानं हसलो. मावशी हसली नाही. छातीतलं भिंग पेटलं होतं खरं, पण त्याबरोबर सगळा माणूसच पेटला होता. प्लॅस्टिक इतकं पातळ की पोट, दंड, गळा, सगळ्यातून उजेड झिरपत होता आणि जिथं जिथं सांधा होता तिथं उजेडाची रेघ.

"ह्यो गडी न्हाय, कंदील झाला," ती म्हणाली.

"बाहेरून दोन हात रंग देऊ."

"भायेरनं देऊन काय हुतंय? उजेड आत हाय. आतनंच अडिवला पायजे."

तिनं घरमालकिणीकडून काजळाची डबी मागितली, चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तीत ते काजळ कालवलं आणि कापसाच्या बोळ्यानं अंगाच्या आतून लेप दिला. वाळल्यावर आणखी एक. मग सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद बल्बभोवती वाटीसारखा बसवला, म्हणजे सगळा उजेड पुढं जाईल आणि प्लॅस्टिकला आच लागणार नाही. आरसा प्रकाश कसा परतवतो हे मी सातवीला शिकवत होतो. तिनं ते बांगड्यांवरच्या बेगडाच्या कामावरून ओळखलं होतं. पुन्हा अंधारात पट्टी दाबली तेव्हा माणूस नाहीसा झाला आणि छातीएवढ्या उंचीवर फक्त एक पिवळा चंद्र उरला. मग डोळे सरावले तसे त्या उजेडात त्याची हनुवटी, खांदे आणि मुठी हळूहळू दिसायला लागल्या.

"आता झाला," मावशी म्हणाली.

दोरे सोडून तिनं शिशीतल्या थेंबांनी सगळे तुकडे सांधले, मग दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्याकडून उरलेला तेलरंग आणून पोशाख निळा केला, झूल लाल केली. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी माणूस शाळेत पोचला. एका वर्गाच्या खिडक्यांवर घोंगड्या टांगून आम्ही अंधार केला आणि त्याला टेबलावर उभा केला. हेडमास्तर बेहद्द खूश झाले. त्यांनी सुवाच्य अक्षरात एक कार्ड लिहून पुढं लावलं. वर 'विद्युत मंडळाची प्रतिकृती' आणि खाली 'तयार करणारे', त्यापुढं माझं पूर्ण नाव, पदवीसकट.

मी ते कार्ड पाहिलं आणि काही बोललो नाही. नंतर सांगू, असं मनाशी म्हटलं. खरं म्हणजे ते नाव तिथं बघून मला बरं वाटलं होतं.

पहिल्या दिवशी गाव लोटलं. लोक त्या अंधाऱ्या वर्गात येत, पट्टी दाबली की एकदम शांत होत. दुपारी मावशी आली. धुतलेलं लुगडं नेसून, मोट घरी ठेवून आली होती. मी पट्टी दाबली. आपण केलेलं काम पहिल्यांदाच बघावं तसं तिनं ते पाहिलं. मग तिची नजर कार्डावर गेली.

"काय लिवलंय हितं?"

मला आजही कळत नाही मी तसं का केलं. मी वाचलं, "विद्युत मंडळाची प्रतिकृती. तयार करणारे..." आणि तिथं मी तिचं नाव घेतलं. "आणि साहाय्य," असं म्हणून पुढं माझं.

ती कार्डाकडं क्षणभर बघत राहिली. "चांगलं लिवलंय," म्हणाली आणि गेली.

त्यानंतर मला तिथं उभं राहवेना. संध्याकाळी वर्ग रिकामे झाले तसं मी हेडमास्तरांचं कार्ड काढलं आणि नवं लिहिलं. अगदी तिला वाचून दाखवलं होतं तसं. आधी तिचं नाव, खाली साहाय्य म्हणून माझं.

सकाळी डेप्युटी साहेब यायच्या आधी हेडमास्तरांनी ते पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला.

"हे काय केलंत? शाळेचं प्रदर्शन आणि काम बाहेरच्या बाईचं? साहेब काय म्हणतील?"

"काम तिचंच आहे सर. मी तार ओढली."

"पण लिहायची काय गरज होती?"

"मी तिला असंच वाचून दाखवलंय," मी म्हणालो.  हेडमास्तर कडक होते, पण खोटे नव्हते. पुढं काही बोलायच्या आत बाहेर जीपचा आवाज आला.

डेप्युटी साहेब उंच, थकलेले गृहस्थ होते. बाकीचे प्रयोग त्यांनी मान हलवत पाहिले. आमच्या वर्गात ते शिरले, मी पट्टी दाबली आणि दिवा लागलाच नाही. दोनदा दाबली. आदल्या दिवसभर जळून बल्ब गेला होता. हेडमास्तरांनी डोळे मिटले. मी खिशातून दुसरा बल्ब काढला, झूल उचलली, खिडकी उघडली, बल्ब बदलला आणि झूल पुन्हा अडकवली. मिनिटभराचं काम. दिवा लागला.

साहेब टेबलाजवळ आले. त्यांनी स्वतः झूल काढून खिडकी पाहिली, आतला काळा लेप बोटानं चाचपला. "हे काय आहे?"

"काजळ. लाखेत कालवलेलं."

"तुम्हाला सुचलं?"

"नाही साहेब," मी कार्डाकडं बोट केलं. त्यांनी ते वाचलं.

"या बाई कुठल्या शाळेत शिक्षिका आहेत?"

"त्या बांगड्या भरतात."

साहेबांनी झूल स्वतःच पुन्हा अडकवली. मग हेडमास्तरांकडं वळून म्हणाले, "तुमच्या मुलींना हस्तव्यवसायाला कोण आहे?" कुणीच नव्हतं. तो तास मुली रिकाम्या बसून काढत. "मग शोधता कशाला?" एवढंच म्हणून ते पुढच्या वर्गात गेले.

हेडमास्तरांनी आठ दिवस घेतले. मग मला बोलावून म्हणाले, "विचारून बघा त्या बाईंना. आठवड्यातून दोन तास." बोलताना ते 'त्या बाईंना' म्हणाले, आधीसारखं 'बाहेरच्या बाईचं' नाही, हे माझ्या लक्षात आलं.

मावशी घराच्या दारात बसून बांगड्यांचे जोड लावत होती. मी निरोप सांगितला. मदरशात आपण काय शिकवणार, असं ती आधी म्हणाली. मी म्हणालो, मला शिकवलंत ते. ती जोड लावत राहिली. तेव्हा मला राहवलं नाही.

"मावशी, एक सांगायचंय. त्या दिवशी कार्डावर तुमचं नाव नव्हतं. मी खोटं वाचलं."

"ठाव हाय," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"कोन कशाला सांगतंय? माझं नाव तीन अक्षराचं. मोजायला येतंय की मला. तितं तर ह्या टोकापास्नं त्या टोकापातुर लिवलं हुतं." तिनं एक जोड उजेडात धरून पाहिला. "आन् दुसऱ्या दिशी पुन्यांदा बघून गेले मी. तवा नावाच्या जागी तीन हुती."

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला हुता. वाटेवर गेला." मग ती म्हणाली, "तुमी आधी वाचलं आन् मागनं लिवलं. लोक आधी लिवतात आन् मागनं खोडतात."

ती शाळेत यायला लागली. बाजाराचे दिवस सोडून, आठवड्यातले दोन तास. सुरुवातीला मुलींच्या काही वडलांनी कुरकुर केली. मग घरोघरी तुटलेल्या फण्या, चष्म्याच्या दांड्या, टॉर्चची झाकणं दुरुस्त व्हायला लागली आणि कुरकुर थांबली. आमच्या प्रयोगशाळेतला शरीररचनेचा प्लास्टरचा पुतळा वर्षानुवर्षं यकृताशिवाय उभा होता. तिनं मुलींकडून त्याला यकृत करून घेतलं. मोजमापाला मला पुस्तकातली आकृती दाखवायला लावली आणि मजकूर वाचायला लागलो तर पुन्हा हात वर केला.

तिच्या तासाला मीही मागं बसायचो, वेळ मिळेल तेव्हा. ती मुलींना फार बोलायची नाही. चूक झाली की तो तुकडा त्यांच्याच हातात परत द्यायची आणि थांबायची. मुलगी स्वतः चूक शोधीपर्यंत थांबायची, मग तास संपो. मी त्या वयात धडा पुढं रेटायच्या घाईत असे. उत्तर आलं नाही की स्वतःच सांगून मोकळा व्हायचो. तिच्या तासाला बसून मी गप्प राहायला शिकलो. वर्गात प्रश्न विचारून खिडकीबाहेर बघत उभं राहायचं. कधी कधी दोन-दोन मिनिटं जायची. मग मागच्या बाकावरून एखादं उत्तर यायचं, चुकतमाकत, पण त्या पोराचं स्वतःचं.

चार वर्षांनी माझी बदली लोहाऱ्याला झाली. निघायच्या दिवशी मी तिच्या घरी गेलो तर ती बाजाराला गेली होती. एसटीची वेळ झाली होती, थांबता आलं नाही. नंतर मी मुरुमला दोन-तीनदा गेलो. एकदा भेट झाली, तेव्हा ती सातवीच्या मुलींना घेऊन शाळेच्या अंगणात बसली होती आणि मधेच उठायला तयार नव्हती. मी तास संपेपर्यंत पायरीवर बसून राहिलो.